असशील तेथून निघून ये

(ग्रंथालयाच्या वाचनकक्षात सभासदांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाचनालयाच्या टेबलावर सकाळची वर्तमानपत्रे उलगडली जात, तेव्हा अग्रलेखाकडे वळण्यापूर्वी पुष्कळांची नजर एका बारीक चौकटीवर अडखळत असे. टपालाच्या तिकिटाएवढे अस्पष्ट छायाचित्र, खाली वय, वर्ण, अंगावरचे कपडे, आणि मग दोन ओळी. असशील तेथून निघून ये, आईने अंथरूण धरले आहे, कोणी रागावणार नाही. इतका लहान, इतका करुण आणि इतका साचेबंद वाङ्मयप्रकार मराठीत दुसरा नसेल. पुढे मुंबई दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ सुरू झाले आणि तीच चौकट बोलू लागली. त्या कार्यक्रमाची लोकांनी थट्टाही पुष्कळ केली. दुसऱ्याच्या घरचे दुःख रोज ठराविक आवाजात ऐकू आले की कानाला त्याची सवय होते, आणि सवयीनंतर थट्टा फार दूर नसते.

त्या दोन ओळी सावकाश वाचल्या तर त्यांत एक मागणी नसून तीन आहेत, असे ध्यानात येते. जिवंत आहेस एवढे कळव, ही पहिली. एकदा डोळ्यांना दिस, ही दुसरी. आणि पूर्वीसारखा या घरात राहा, ही तिसरी. खुशाली, भेट आणि वास्तव्य. दुःखाने गांजलेले घर या तिन्ही गोष्टी एका श्वासात मागते, त्यात घराचा दोष नाही. पण गेलेल्या मुलालाही मग वाटू लागते की द्यायच्या तर तिन्ही द्याव्या लागतील, नाहीतर एकही देता येणार नाही. आणि पुष्कळ मुले एकही देत नाहीत. पळून गेलेल्या मुलाने शोकाकुल घरी परतावे की नाही, हा आजचा प्रश्न या तीन मागण्या सुट्या केल्याखेरीज सुटण्यासारखा नाही.

मराठी मनाला हा प्रश्न नवा नाही. घर सोडल्याची आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध कथा एका बारा वर्षांच्या मुलाची आहे. जांब गावचे सूर्याजीपंत ठोसर यांचा धाकटा मुलगा नारायण, म्हणजेच पुढचे समर्थ रामदास. संप्रदायाची परंपरा सांगते की वडील निवर्तले होते, मुलाचे मन संसारात नव्हते, आणि लग्नाचा विषय काढला की तो घराबाहेर पळे. तेव्हा राणूबाईंनी त्याच्याकडून वचन घेतले की अंतरपाट धरला जाईपर्यंत तो नाही म्हणणार नाही. मुलाने ते वचन अक्षरशः पाळले. अंतरपाट धरला गेला, ‘सावधान’ हा शब्द उच्चारला गेला आणि नवरदेव मांडवातून निघून गेला. कीर्तनकार येथे ‘सावधान’ या शब्दावर रंग भरतात. वास्तविक थांबायला हवे ते त्या वचनावर. आईने आपली माया पणाला लावून मुलाकडून एक शब्द मिळविला, आणि मुलाने त्या शब्दातली फट शोधून ठेवली. घर आणि मूल यांच्यातील कितीतरी करार असेच झालेले असतात. (मांडवात पाटावर उभ्या राहिलेल्या त्या मुलीविषयी या कथेला फारसे कुतूहल नाही, हेही जाता जाता नोंदविले पाहिजे.)

नंतर बारा वर्षे नाशिकजवळ टाकळीला तपश्चर्या, बारा वर्षे तीर्थाटन, आणि चोवीस वर्षांनी जांबच्या घराच्या दारात एक गोसावी भिक्षेसाठी उभा. या तपशिलांपैकी इतिहास म्हणून किती ग्राह्य धरायचे, याचा निर्णय अभ्यासकांनी करावा. परंपरेने काय जपून ठेवले, ते येथे महत्त्वाचे आहे. राणूबाईंची दृष्टी रडून रडून गेली होती, हे तिने जपले. आईने मुलाला ओळखले ते आवाजावरून, हेही जपले. समर्थांचा हात फिरताच दृष्टी परत आली असे पुढे सांगितले जाते आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. चमत्कारामुळे चोवीस वर्षांचा हिशेब मिटल्यासारखा वाटतो. पण डोळे गेले होते ही गोष्ट चरित्रकारांनी लपविली नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. समर्थ काही काळ घरी राहिले, कपिलमुनींनी देवहूतीला केलेला उपदेश त्यांनी आईला सांगितला, अंतकाळी जवळ असेन असा शब्द दिला आणि ते निघाले. १६५५ मध्ये राणूबाईंच्या अखेरच्या क्षणी ते जांबला होते, असे परंपरा मानते.

म्हणजे भेट दिली, तीही दोनदा. वास्तव्य दिले नाही, आणि त्याबद्दल आज कोणी त्यांना दोष देत नाही. राहिली खुशाली. नाशिकच्या क्षेत्रातून मराठवाड्याकडे परतणारा एकही यात्रेकरू बारा वर्षांत भेटला नसेल, असे मानणे कठीण आहे. तीन मागण्यांपैकी जी सर्वांत स्वस्त होती, जिच्यासाठी व्रत मोडावे लागत नव्हते, तीच अडून राहिली, आणि आईचे डोळे गेले ते तिच्यापायी. समर्थांच्या थोरवीला याने उणेपणा येत नाही. परंतु थोरवी हे निरोप न पाठविण्याचे कारण म्हणून मात्र पुढे करता येणार नाही.

बारा वर्षांची मुले आजही घर सोडतात. त्यांच्या मागे मंगलाष्टके नसतात. परीक्षेचा निकाल असतो, बापाची दारू असते, नात्यातल्या कोणाचा नको तसा स्पर्श असतो, घरातली उपासमार असते, मुंबईचे वेड असते, आणि कधी कधी एका दुपारचा नुसता राग असतो. मुंबई-दिल्ली लोहमार्गावरील बडोद्यासारख्या स्थानकावर कोठलाही मुलगा कोठूनही येऊन उतरू शकतो. फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळाशी, तिकीट नसलेला आणि विचारले तर नाव खोटे सांगणारा असा मुलगा हमालाच्या आणि चहावाल्याच्या नजरेला सर्वांआधी पडतो. पूर्वीची रीत सोपी होती. दोन थपडा, एक दरडावणी, घरचा पत्ता, आणि परतीची गाडी. मुलगा घरी पोचला की काम झाले, असे सर्वांनाच वाटे.

ती रीत चुकीची होती हे मान्य व्हायला बराच काळ लागला. मुलाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे हे तत्त्व संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क करारात आले आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे देशभर पसरला. आज ती सेवा शासनाच्या यंत्रणेमार्फत चालते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे असे मूल सापडल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे आणावे लागते. समाजसेवकाने घरची चौकशी करून पंधरा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. मुलाला त्याच्या कुटुंबात परत पोचविणे हे या अधिनियमाचे मोठे उद्दिष्ट आहे. परंतु तेथेच एक अपवाद लिहिलेला आहे: तसे परत जाणे मुलाच्या हिताचे नसेल, तर नाही. एवढ्याशा अपवादात एका समाजाचे शहाणपण साठलेले आहे. तो नसता तर अधिनियम आणि त्या दोन थपडा यांत फारसा फरक उरला नसता.

कारण दुःख खरे असले म्हणजे घर सुरक्षित असते, असे नाही. ज्या बापाने पट्ट्याने मारले तोच बाप समितीच्या दारात धाय मोकलून रडतो, आणि ते रडणे नाटकी नसते. येथेच भल्याभल्यांची फसगत होते. अश्रू पाहिले की आपण निकाल देऊन टाकतो. घरी जाऊन आलेल्या जाणत्या समाजसेविकेला विचारावे. ती अश्रूंकडे पाठ फिरवीत नाही, पण पाहते भलतेच काही. घरात आणखी कोण कोण राहते, मूल निजते कोठे, यापूर्वी ते कधी गेले होते का, परत आल्यावर त्याचे स्वागत कसे झाले होते, शेजारीण काय सांगते आणि काय सांगायचे टाळते. माराच्या घरी एकदा परत पाठविलेले मूल पुन्हा निघते तेव्हा आणखी दूर जाते, आणि कोणत्याही मोठ्या माणसाला खरे नाव सांगत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. निव्वळ रागाने किंवा निकालाच्या भीतीने निघालेल्या मुलाला दुसऱ्याच रात्री घर आठवते. त्याला परत जायचेच असते, फक्त दारात काय होईल याची धास्ती असते. अशा मुलाच्या दृष्टीने जाहिरातीतील सर्वांत मोलाची ओळ आईच्या अंथरुणाची नव्हे. ‘कोणी रागावणार नाही’ ही आहे. आईचे आजारपण वाचून त्याचा अपराध वाढतो आणि पाऊल आणखी मागे जाते. न रागावण्याचा शब्द मात्र, तो पाळला जाणार असेल तर, त्याला गाडीत बसवतो. तो पाळला गेला नाही, पाहुण्यांदेखत उद्धार झाला, तर घराने स्वतःच्या हाताने पुढच्या पलायनाचे तिकीट काढून दिले असे समजावे. आणि ज्याला परत जाताच येणार नाही, त्यालाही पत्ता न सांगता खुशाली कळविता येते. मधला कोणी भला माणूस लागतो, इतकेच.

तो मधला माणूस कसा असावा, हे बडोदेकरांना दूर जाऊन शोधावे लागत नाही. याच लोहमार्गावरून मार्च १९१६ मध्ये एक मुलगा मुंबईला इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून निघाला आणि सुरतेला उतरून काशीकडे गेला. विनायक नरहर भावे, वय वर्षे वीस. कायद्याने तो सज्ञान होता. आईच्या लेखी विन्याच. गागोद्याहून हे कुटुंब वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्यास आलेले. मध्यवर्ती ग्रंथालयात तासन्‌तास वाचत बसणारा, मित्रांना मैलोगणती चालविणारा हा मुलगा काही दिवसांपूर्वी आईच्या चुलीत आपली प्रमाणपत्रे घालून मोकळा झाला होता. वडील नरहरपंत शिस्तीचे. लहानपणी त्यांच्या हातचा मार पुष्कळ खाल्ला, हे विनोबांनी स्वतः सांगितले आहे. एके दिवशी तो मार थांबला. मुलाला सोळावे वर्ष लागले होते आणि सोळाव्या वर्षी पुत्राला मित्राप्रमाणे वागवावे हे शास्त्रवचन वडिलांनी पाळले होते. म्हणजे मार चुकवायला हा मुलगा पळाला नाही. त्याला ब्रह्माचा शोध घ्यायचा होता. तरी मागे राहिलेल्या घराला कारण कोणतेही असो, रिकामे ताट तेवढेच रिकामे दिसते.

विनोबांनी एक गोष्ट समर्थांपेक्षा निराळी केली. परीक्षेला न जाता दुसरीकडे जात आहे, असे त्यांनी वडिलांना पत्राने कळविले. वडिलांना वाटले, येईल चार दिवसांत. आईला तसे वाटले नाही. हल्लीची मुले अशीच, म्हणून शेजारपाजार तिची समजूत घालू लागला, तेव्हा आपला विन्या वाईट मार्गाने जाणार नाही, या विश्वासावर ती ठाम राहिली. काशीला अन्नछत्रात एक वेळचे जेवण आणि दोन पैसे दक्षिणा यावर मुलगा राहत होता. बरोबर आलेल्या मित्राचा तेथे अंत झाला. त्याला अग्नी विनोबांनीच दिला. यातले काहीही बडोद्याला कळले नाही.

७ जून १९१६ रोजी विनोबा अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात गांधीजींना भेटले. बोलता बोलता गांधीजींच्या ध्यानात आले की मुलाने आपला ठावठिकाणा घरी कळविलेला नाही. येथे एखादा गुरू दोनपैकी एक करता. शिष्य मिळाला म्हणून गप्प राहता, किंवा आधी आईबापांची परवानगी घेऊन ये म्हणून परत पाठविता. गांधीजींनी तिसरेच केले. त्यांनी स्वतः नरहरपंतांना पत्र लिहिले. तुमचा मुलगा माझ्याजवळ आहे, आणि जे तेज व वैराग्य त्याने या कोवळ्या वयात मिळविले आहे, ते मिळवायला मला पुष्कळ वर्षे कष्ट करावे लागले, असा त्याचा आशय. त्या पत्रात मुलाला परत नेण्याचे आमंत्रण नव्हते, की तो आता तुमचा नव्हे असेही नव्हते. खुशाली होती, आणि तिच्याबरोबर मुलाविषयी आदर होता. मुलगा बिघडला असेल या धास्तीत असलेल्या बापाला याहून मोठा दिलासा कोणता मिळणार? गांधीजींच्या पत्रव्यवहाराचे कितीतरी खंड निघाले, त्यांत हे पत्र राजकारणाच्या दृष्टीने क्षुल्लक आहे. पळून गेलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र ते वस्तुपाठ आहे.

दुसरी मागणी पुढे आली १९१८ च्या शरद ऋतूत. इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभर हाहाकार उडविला होता. बडोद्याच्या घरी वडील, आई आणि सर्वांत धाकटा भाऊ, तिघेही अंथरुणावर. विनोबांचे मन घरी जाण्यास तयार नव्हते. गांधीजींनी सांगितले की जावे. जाहिरातीतले ते वाक्य येथे अक्षरशः खरे झाले होते, आई अंथरुणाला खिळली होती. विनोबा गेले. वडील बरे झाले. आई आणि धाकटा भाऊ गेले. रुक्मिणीबाईंच्या निधनाचा दिवस २४ ऑक्टोबर १९१८.

अखेरच्या दिवसांत मुलाने आईला विचारले की तिला समाधान आहे ना. तिने सांगितले की पूर्ण आहे. मुलगा मोठा झाला, त्याची चिंता नाही, भावांना तो सांभाळील. आणि दोन महिन्यांपूर्वी देवाचे दर्शनही घडले. हे दर्शन डाकोरचे. बडोद्याहून रेल्वेने चार तासांवर असलेले डाकोर पाहायला त्या माउलीला बारा वर्षे सवड झाली नव्हती. परत ये, असे तिने या वेळी म्हटल्याचे विनोबांच्या आठवणींत नाही. अर्थात या आठवणी गेलेल्या मुलाच्या आहेत. घर सोडणारे पुढे ग्रंथ लिहितात, प्रवचने करतात. मागे राहिलेल्या बायका स्वयंपाकघरात काय बोलल्या, ते बहुधा त्यांच्याच तोंडून आपल्याला कळते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा मराठीतला थोर अपवाद. वारंवार घर सोडून जाणाऱ्या माणसाची वाट पाहणे म्हणजे काय, ते तेथे वाट पाहणारीनेच लिहिले. राणूबाईंनी आणि रुक्मिणीबाईंनी काही लिहिले नाही, हे ध्यानात ठेवूनच त्यांच्या समाधानाविषयी बोलावे.

भेट म्हणजे शरणागती नव्हे, हेही त्याच दिवशी दिसून आले. आईचे अंत्यसंस्कार भटजींकडून नव्हे तर आपण स्वतः मंत्र म्हणून करावेत, असे विनोबांचे म्हणणे. रूढ रीत तिला आवडली असती, असे वडिलांचे म्हणणे. दोघांपैकी कोणी मागे हटले नाही. विनोबा स्मशानात गेले नाहीत. घरीच स्नान करून ते वेदाध्ययनाला बसले. कोणाला हे निष्ठुर वाटेल, आणि बडोद्यात त्या दिवशी पुष्कळांना वाटले असेल. पण ज्या मुलाने घर तत्त्वासाठी सोडले, त्याने आईच्या मृत्यूच्या भावनावेगात ते तत्त्व दाराबाहेर काढून ठेवावे, अशी अपेक्षा धरली तर भेटीला यायला मुले भिऊ लागतील. तो आला, उशाशी बसला, शेवटचे बोलणे ऐकले. त्या घराला हे मिळाले, आणि राणूबाईंप्रमाणे त्यासाठी चोवीस वर्षे थांबावे लागले नाही.

वास्तव्य विनोबांनी कधीच दिले नाही. आईच्या वस्तूंपैकी दोनच त्यांनी मागून घेतल्या, तिची एक साडी आणि तिच्या पूजेतील अन्नपूर्णेची मूर्ती. साडी ते उशाला घेत. ती खादीची नव्हती, म्हणून पुढे साबरमतीच्या पाण्यात सोडली. मूर्ती आश्रमातील काशीबेन गांधींना नित्यपूजेसाठी दिली. आईने एकदा गीता समजेल अशा मराठीत हवी म्हटले होते. मराठी भाषांतर तिला अवघड गेले, तेव्हा तूच का करीत नाहीस, असे तिने विचारले होते. ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये लिहून झाली. आईला जाऊन बारा वर्षे झाली होती.

मधले दोघे भाऊ, बाळकोबा आणि शिवाजी, हेही थोरल्याच्या वाटेने गेले. नरहरपंत बडोद्यातच राहिले. उतारवयात त्यांनी संगीताचा अभ्यास केला आणि जुन्या कलावंतांची विद्या नष्ट होऊ नये म्हणून त्यावरील पुस्तके पदरमोड करून छापली. एके काळी चार मुलांनी भरलेल्या घरात त्या वर्षांत मृदंगाच्या बोलांची टिपणे होत होती. मुलांपैकी कोणी त्या घरी परत राहायला आले नाही. १९४७ मध्ये नरहरपंतांचे देहावसान झाले ते बडोद्यास नव्हे. ते धुळ्याला झाले, जेथे शिवाजी भावे राहत असत.